चाऱ्याची चिल्लर

दिवस कलला, समोरच्या पत्र्यावरून ऊन उतरलं, की कोनाड्यातला मोबाईल मेंढीवानी ओरडतो. एकदाच. बारीक, शेवटाला थरथरणारं. मग गप्प होतो.

मी बाजेवर पडलेला असलो तर उठून बसतो. बसलेला असलो तर उभा राहतो. उभा असलो तर चप्पल शोधतो. कुठं जायचं ते ठरलेलं नसतं, पण उभा जन्म ह्या आवाजाला उठलेले पाय आहेत, ते मालकाला विचारत नाय. दारापर्यंत जातो, परत येतो. माठावरचा गिलास उचलतो, पाणी न पिताच ठेवतो. मुकुंदवाडीच्या टेसनावर गाडी भोंगा देते, गल्लीत कुणाची तरी कुकरची शिट्टी होते, आणि माझ्या कानात ते एकच ओरडणं फिरत राहतं.

मोबाईल गोजराचा. गोजरा माझी बायको. ती गेली त्याला अजून वर्ष भरायचंय. तिची लुगडी लेकींनी नेली, भांडी सुनंनं आवरून ठेवली. मोबाईल तेवढा कुणी नेला नाय, काच तडकलेली होती म्हणून. रोज सकाळी मी त्याला वायर लावतो. कामून लावतो ते मला म्हाईत नाय. देवापुढं दिवा लावतात तसं समजा.

त्या मोबाईलात तिची मेंढरं आहेत.

खरं तर तो खेळ नातीचा. पोरगा कंपनी बदलून पुण्याला गेला, सून गेली, नात गेली, आणि जाताना नात आपला जुना मोबाईल आजीच्या हातात ठेवून गेली. "आज्जी, ह्याच्यात माझं शेत हाय, मेंढरं हायत. रोज चारा टाक. हे हिरवं दाबायचं, बस." नात आठ दिवसांत शेत विसरली. गोजरा विसरली नाय. तिला कुणी जनावर सांभाळायला दिलं आणि ती विसरली, असं कधी झालेलंच नाय.

मोबाईल ओरडला की मला हा खेळ आठवत नाय, हेही सांगतो. मला डोंगर आठवतो.

आम्ही पिशोरकडचे. मेंढरं राखणारी माणसं. पावसाळाभर डोंगराला. अंगावर घोंगडी, घोंगडीवर पाऊस, आणि चहूबाजूंनी भिजलेल्या लोकरीचा वास. तो वास कसा असतो ते सांगता येत नाय. थोडा दुधाचा, थोडा मातीचा, थोडा माणसाच्या उबेचा. गोजरा नवी नवरी होऊन आली तवा ती पण डोंगरातलीच, तिनं नाक मुरडलं नाय. पहिल्याच दिवशी एक नुकतं जन्मलेलं कोकरू पोटाशी धरून घोंगडीत झोपली. सकाळी उठून मला म्हणाली, "तुमच्यापरीस ह्याचं घोरणं बरं हाय."

दिवाळी सरली की खाली उतरायचं. कधी सोयगावच्या बाजूला, कापूस वेचून झालेल्या पऱ्हाटीच्या रानात. तिथं मेंढरं पाला ओरबाडत चालायची तवा रान सगळं कुरकुर कुरकुर वाजायचं. कधी ह्या बाजूला, शहराच्या कडंला. तवा शहराला कड होती. मुकुंदवाडी गाव होतं, चिकलठाणा गाव होतं, मधी जवारीची वावरं होती. वावराचा मालक सांगावा धाडायचा, "आमच्यात मेंढरं बसवा." मग रातभर कळप त्याच्या वावरात बसवायचा, म्हणजे लेंड्या-मुताचं खत त्याच्या जमिनीला. कळपाभोवती वाघर लावायची. वाघर म्हणजे दोरीचं जाळं, चार खुंटांवर ताणलेलं. सकाळी मालकीण सुपात जवारी घेऊन यायची, त्यावर दोन-चार नाणी ठेवलेली. जवारी माझ्या पोत्यात जायची. नाणी गोजराच्या पदराला.

तिच्या पदराच्या टोकाला कायम गाठ असायची. ती चालली की गाठ मांडीवर आपटायची आणि बारीक वाजायची. खुळ्ळ, खुळ्ळ. मी कितीही हुर्रऽऽ म्हणून ओरडलो तरी मेंढरं चरता चरता एक कान हलवायची, बस. पण ती गाठ वाजली की सगळ्या माना वर. चारा घेऊन तीच यायची ना. माणसाला घड्याळ कळतं, मेंढराला पदराची गाठ कळते. मला राग यायचा. म्हणायचो, "मी दिवसभर उन्हात ह्यांच्यामागं, आणि ही तुझ्या चिल्लरीवर भाळत्यात."

"मग तुमी बी पदर घ्या," ती म्हणायची.

आता तसा आवाज कुठं ऐकू येत नाय. बायका पदराला गाठ मारत नायत. भाजीवाल्याच्या गाडीवर सुद्धा पैसे दिले की डबडं बोलतं, इतके रुपये मिळाले म्हणून. नाणं वाजतच नाय.

मग ती वर्षं आली. एकामागं एक, कोरडी. कशामुळं आली, कुणी काय करायला पाहिजे होतं, ते शिकलेल्यांना विचारा. मला फक्त आवाज आठवतो. गवत संपल्यावर मेंढरू गवताच्या जागी तोंड लावतं. मुळं ओरबाडतं. मुळं संपली की माती. दाताखाली माती घासल्याचा तो कर्र कर्र आवाज, एका मेंढराचा नाय, सगळ्या कळपाचा, भर दुपारी. गोजरा कानावर हात ठेवायची. टँकर आला की डिझेलचा वास यायचा आणि त्या वासाला मेंढरं धावायची, इतकी ती पाण्याची आणि डिझेलची सांगड त्यांच्या डोक्यात बसली होती. आम्ही बाभळीच्या शेंगा झोडल्या, लिंबाचे डहाळे पाडले. गाडीवाल्याकडून कडब्याची पेंढी घेतली. पेंढीला पैसे लागायचे, आणि गोजरा रस्त्याच्या कडंला उभी राहून पदराची गाठ दातानं सोडायची. एक पेंढी, दुसरी पेंढी. असं करता करता पदराचं टोक मोकळं झालं. तिच्या चालण्याचा आवाज बंद झाला. मेंढरांना वाटलं असंल, ही आता येतच नाय.

पिशोरच्या बाजारात बेपारी टेम्पो घेऊन आला होता.

आमच्यात रीत आहे. मेंढरू विकलं तर ते जाण्याआधी त्याच्या पाठीवरची चिमूटभर लोकर उपटून घ्यायची. जनावर जातं, बरकत आपल्याकडं राहते. माझा बाप असंच करायचा, त्याचा बाप पण. पण ते एखाद-दुसरं विकायचं असंल तवा. गोजरा अख्ख्या कळपातून फिरली. एकेकाला गुडघ्यात धरायची, कानाशी काहीतरी बोलायची, चिमूट घ्यायची, पुढच्याला. बेपारी वैतागला.

"ओ मावशी, सोलून घेता का काय मेंढरं? टेम्पो थांबलाय माझा."

"तुला जनावर इकलंय, माझी रीत इकलेली नाय," गोजरा म्हणाली. "थांब गुमान."

तो थांबला. सगळ्यात शेवटी काळी. आमच्यात काळी मेंढरं तशी बरीच, पण ही नुसती काळी नव्हती, कोळशाला लाज वाटंल अशी, आणि कपाळावर पांढरा ठिपका. गोजराच्या घोंगडीत पहिली रात काढलेल्या त्या कोकराचीच नात-पणती असंल. तिची चिमूट घेताना गोजराचा हात थांबला. मग घेतली.

त्या सांजंला तिनं वाघर लावली. सवयीनं. चारी खुंट ठोकले, जाळं ताणलं, आणि आत काही नाय. मी बघत राहिलो. ती पण बघत राहिली. सकाळी मी ती गुंडाळली, तवा दव पडून जाळं जड झालं होतं.

मग शहर. मुकुंदवाडीत माझ्या मेव्हण्यानं खोली बघून दिली. तवा तिथली वावरं प्लॉट व्हायला लागली होती, चुन्यानं आखलेली, आणि आम्ही दोघं त्यांचे पाये खोदायला जायचो. एकदा कुदळ मारली तर खालून काळी, भुसभुशीत माती निघाली. आजूबाजूला सगळा मुरूम, आणि एवढ्याच तुकड्यात अशी माती. मी ओळखली. आमची मेंढरं बसलेलं वावर ते. गोजरानं घमेलं खाली ठेवलं, मूठभर माती घेतली, नाकाला लावली.

"ए बाई, माती खातीस काय?" मुकादम ओरडला.

"खत हाय आमचं," ती म्हणाली, "फुकट चाललंय तुमच्या भिंतीला."

आता तिथं चार मजली बिल्डिंग आहे. तिच्या कुंपणाला बोगनवेल अशी माजलेली असते की काय विचारू नका. लोक म्हणतात कुठलं खत घालतात. मी सांगत नाय.

असं घमेल्याखाली, मग वॉचमनच्या खुर्चीत, वर्षं गेली. औरंगाबादचं संभाजीनगर झालं, रस्ते रुंद झाले, नळाला पाणी मात्र आठवड्यातून एखादा दिवस. घरात मेंढराचं नाव निघायचं नाय. एक घोंगडी होती, तिचा पण वास हळूहळू साबणाचा झाला. आणि मग नात तो मोबाईल ठेवून गेली, आणि एका सांजंला आमच्या खोलीत मेंढी ओरडली.

मी दचकून दाराकडं बघितलं. गोजरानं पदर सावरला आणि मोबाईलात वाकली. डोळ्याला चष्मा, बोट वर धरलेलं, मंतर मारायला बसल्यावानी.

मी पण डोकावलो. "ही कसली मेंढरं गं? निळीत घालून काढल्यावानी पांढरी."

"लांबची असत्याल. तुमाला काय करायचंय."

"लेंड्या टाकीत नायत, वास नाय. कसली मेंढरं ही."

"बरंय की. झाडायला नाय लागत."

पण मी बघत होतो. त्या हिरव्यागार रानात कधी ऊन तापायचं नाय, पण चारा संपायचा. रोजचा थोडा चारा फुकट मिळायचा, कळपाला तो पुरायचा नाय. मग राहिलेली मेंढरं खाली बसायची आणि त्यांच्या डोक्यावर एक बारकं रिकामं भांडं दिसायचं. नातीनं फोनवर सांगितलं होतं, "आज्जी, जाहिरात बघितली की जास्तीचा चारा फुकट भेटतो."

"भुकेलं जनावर दारात उभं करून मी साबणाची जाहिरात बघत बसू व्हय?" गोजरा म्हणाली.

तवा तो डबा निघाला. तुपाचा जुना पत्र्याचा डबा, फळीवर मागं ठेवलेला. त्यात ती सुट्टे पैसे टाकायची. किराण्यातून उरलेले, रिक्षातून उरलेले, आणि कुणी घेत नसलेली दहाची नाणी. आमच्या गल्लीत दहाचं नाणं कुणी घ्यायचं नाय, बंद झालंय म्हणायचे. गोजरा म्हणायची, "बंद कसं झालं, वाजतंय की." शेजारणी आपली नाकारलेली नाणी हिच्याकडं आणून टाकायच्या आणि बदल्यात हिच्याकडून लोणच्याची फोड न्यायच्या.

डबा घेऊन ती टेसनाच्या रस्त्याला नसरीनच्या दुकानात जायची. नसरीन म्हणजे रिचार्ज, मोबाईलची कव्हरं आणि झेरॉक्सचं दुकान चालवणारी पोरगी. लग्न होऊन परत आलेली, तोंडाची फटकळ, मनाची बरी. तिच्या गल्ल्यात कायम सुट्ट्याची ओढ, त्यामुळं गोजराची चिल्लर तिला सोन्यासारखी. ती नाणी मोजून घ्यायची, आपल्या मोबाईलातून एक नंबर काढायची, तो गोजराच्या मोबाईलात टाकायची, आणि गोजराच्या मेंढरांपुढं गवताचे भारे येऊन पडायचे. नाण्याचा नंबर होतो, नंबराचा चारा होतो. मला ती भुताटकीच वाटायची.

मी एकदा तिच्याबरोबर गेलो होतो. नसरीन म्हणाली, "अम्मा, इत्ते पैसे कायकू डालते? कल फुकट का चारा आता ना."

"उद्याचा चारा उद्याच्या पोटाला. आजच्याला काय?"

"मरते नै वो, अम्मा. गेम है."

"तू मेंढरू उपाशी बघितलंस का कधी? नाय ना? मग टाक नंबर."

नसरीननं पण आपल्या मोबाईलात तोच खेळ घेतला होता, गोजराला शिकवता यावा म्हणून. दोघींची शेतं शेजारी. शेजारणीच्या शेतात आपली मेंढरं पाठवली की तिथलं पीक झटकन वाढायचं, अशी त्या खेळात सोय होती. गोजराला हे कळलं तवा तिनं काउंटरवर हात आपटला. "बघा! ह्यांना बी बसवायचं म्हाईत हाय!" आणि लगेच बोली केली. "तुझ्यात मेंढरं बसवीन, पण फुकट नाय. आमी फुकट बसवीत नसतो."

"क्या लेते?"

"जवारी तर तू देणार नायस. चहा सांग."

तवापासून मोबाईलातली मेंढरं नसरीनच्या मोबाईलातल्या वावरात बसायची, आणि त्याची मजुरी म्हणून टपरीवरचा खरा चहा यायचा. खऱ्या कपात, खरं आलं घातलेला. त्या दोघी हसत हसत प्यायच्या. एका गोष्टीवरून तेवढं भांडण. नसरीन आपली मेंढरं विकायची. खेळात विकली की वर सोन्याची नाणी यायची. गोजरा तोंड फिरवायची. "कुणाला इकतीस? दिसतो का घेणारा?" ती विचारायची. "नै दिखता," नसरीन म्हणायची. "न दिसणाऱ्याला जनावर देऊ नाय," गोजरा म्हणायची, आणि त्या दिवशी चहा न पिता यायची.

काळी मेंढी त्या खेळात म्हागाची होती. गोजरानं डब्यात वेगळं फडकं करून नाणी साठवली आणि काळी आणली. त्या दिवशी मी चिडलो. म्हणालो, "म्हातारे, खऱ्याला चारा मिळाला नाय, आणि ह्या खोट्याला पैसा घालतीस."

तिनं चष्मा काढून पुसला.

"खऱ्याला मिळाला नाय म्हणूनच," ती म्हणाली, आणि काळीपुढं भारा टाकला.

पुढं काय झालं ते मी सांगत नाय. दवाखाना, अँब्युलन्स, ते सगळं वास मारतं, फिनेलचा. मला तिचा वास तसा आठवायचा नाय.

दहावं झालं, पावणे गेले, पोरगा पुण्याला गेला. त्या सांजंला मोबाईल ओरडला. मी ऐकून घेतलं. दुसऱ्या सांजंला ओरडला. मी टेसनापर्यंत चालत जाऊन आलो. मग परत ओरडला तवा मी फळीवरचा डबा काढला, बगलेत मारला आणि नसरीनकडं गेलो. ती काउंटरमागून उठून उभी राहिली, तोंडावर ओढणी धरली. मी म्हणालो, "रडू नको. चारा टाक."

तिनं मोबाईल उघडला. सगळी मेंढरं खाली बसलेली, सगळ्यांच्या डोक्यावर रिकामं भांडं. काळी फाटकाशी, तोंड आमच्याकडं करून.

"चाचा, कुछ नै हुआ उनको. सच्ची. साल भर चारा नै डाले तो बी नै मरते. ऐसेच बैठे रहते."

"मरत नाय म्हणतीस," मी म्हणालो. "म्हणजे उपाशी राहत्यात. कायम."

नसरीननं नंबर टाकला.

मग मी रोज जायला लागलो. गावाला गेलो नाय, पुण्याला गेलो नाय. पोरगा फोनवर म्हणायचा, "बाबा, इकडं या, एकटे काय करता तिथं?" आता ह्याला काय सांगणार, मेंढरं हायत म्हणून? मी म्हणायचो, "इथं काम हाय." तो म्हणायचा, "कसलं काम?" मी फोन ठेवायचो.

जाताना डबा बगलेत वाजायचा. दिवसेंदिवस हलका वाजायला लागला, ते मला कळत होतं. पण त्याआधी मोबाईलच फुगला. पाठीमागचं झाकण वर आलं, गाभण मेंढीवानी. नसरीननं हातात घेतला आणि लगेच काउंटरवर ठेवला.

"चाचा, ये अब नै चलने का. बॅटरी फूल गयी. चार्जिंग को लगाव नक्को, घर जलेंगा."

"दुसरी बॅटरी टाक."

"इसकी मिलती नै अब. पुराना मॉडल है."

"मग मेंढरं काढून दुसऱ्या मोबाईलात घाल."

तिनं लई खटपट केली. बटणं दाबली, कुणाला तरी फोन केला. मग मान हलवली. नातीनं खेळ घेताना नाव-गाव काहीच घातलं नव्हतं. बिननावाचं शेत. मोबाईल गेला की शेत गेलं, मेंढरं गेली. एकच वाट होती. शेजारच्या शेताला जनावर बक्षीस देता येतं. म्हणजे नसरीनच्या.

मी मोबाईल घेतला आणि चालायला लागलो.

त्या आठवड्यात मी किती चाललो त्याचा हिशेब नाय. जालना रोडला गेलो, तिथून आत वळलो, बोगनवेलीच्या बिल्डिंगपाशी उभा राहिलो, वॉचमननं "कोन पायजे बाबा" विचारलं, परत फिरलो. टेसनाच्या बाकड्यावर बसलो, उठलो. मोबाईल बंद करून खिशात. बंद मोबाईल ओरडत नाय, पण दिवस कलला की मला ऐकू यायचंच. सगळीकडं रस्ते, दुकानं, ट्यूबलाईटी, आणि माझ्या डोक्यात वाघर लावलेली रिकामी. दुसऱ्याच्या हातात कळप द्यायचा म्हटलं की मला टेम्पोचं फळकूट आपटल्याचा आवाज यायचा. आणि नाय द्यायचा, तर ती मेंढरं त्या बिनओरडणाऱ्या मोबाईलात बसलेली, डोक्यावर रिकामं भांडं घेऊन. कुठं जाऊ? कुणाला विचारू? जिला विचारायचं तिचीच मेंढरं.

शेवटी मी डबा जमिनीवर उपडा केला. थोडी नाणी निघाली, घरंगळत बाजेखाली गेली, ती वाकून गोळा केली. आणि डब्याच्या तळाला फडक्याची पुरचुंडी चिकटून बसली होती. मी ओळखली. उघडली. काळी, करडी, तांबूस, चिमूट चिमूट लोकर, इतक्या वर्षांत एकमेकीत गुंतून एक गोळा झालेली. मी नाक खुपसलं. काय सांगू. डोंगर होता त्यात. भिजलेला.

मग पुरचुंडी, नाणी आणि मोबाईल घेऊन दुकानात गेलो.

"नसरीन, तू इकणार नायस."

तिला लगेच कळलं कशाबद्दल. "नै बेचूंगी."

"सोन्याची नाणी आली तरी?"

"अम्मा की कसम, चाचा."

"आणि चारा?"

"चारा तुम लाव," ती म्हणाली. "मेरे को चिल्लर होना. तुमारी मेंढरं, तुमारी चिल्लर. मैं बस राखणेवाली."

हे मला पटलं. राखणाऱ्याकडं मेंढरं देणं आणि विकणं, ह्यात फरक आहे. आमच्यातला माणूस आजारी पडला, बाई बाळंत झाली, तर दुसऱ्याच्या कळपात आपली मेंढरं घालतोच की.

तिनं मोबाईल चालू केला. पडद्यावर फाटक उघडलं. एकेक मेंढरू उठलं आणि बाहेर निघालं. नसरीन बोट लावत होती, मी काउंटरवर हात टेकून उभा होतो, आणि माझ्या तोंडातून आपोआप निघालं, हुर्रऽऽ, हुर्रऽऽ. झेरॉक्सला आलेलं एक गिऱ्हाईक माझ्याकडं बघायला लागलं. बघू दे. सगळ्यात शेवटी काळी. ती फाटकात अडकली. नसरीन म्हणाली, "नेट स्लो है." असंल. मी वाकलो आणि म्हणालो, "जा गं." ती गेली.

मग मी पुरचुंडी काढून नसरीनपुढं ठेवली.

"ये क्या है?"

"लोकर. आमच्या मेंढरांची, दुष्काळात गेली त्यांची. जनावर दुसऱ्याकडं गेलं की आमी ही आपल्याकडं ठेवीत असतो, बरकत राहावी म्हणून. आता कळप तुझ्याकडं हाय. बरकत माझ्याकडं कशाला?"

तिनं फडकं उघडलं, हुंगलं, डोळे मोठे केले. "चाचा, अब्बी बी वास आती इसको!"

"येणारच."

तिनं पुरचुंडी बांधली आणि गल्ल्यात, चिल्लरीच्या कप्प्यात ठेवली. मोबाईल तिनं ठेवून घेतला, भंगारात द्यायला.

सुरवातीला सांगितलं ते मोबाईल फुगायच्या आधीचं. आता आमचा कोनाडा मोकळा आहे. काल दिवस कलला, पत्र्यावरून ऊन उतरलं, आणि काही ओरडलं नाय. मी बाजेवर पडून वाट बघितली. कान असे ताठ, की माठातून गळणारा थेंब ऐकू यायला लागला. वाटलं, झालं, पाय आता सुटले. कुठं जायचं नाय आता.

तरी उठलो. चप्पल घातली. खिशात दुपारी भाजीवाल्यानं नाकारलेली दोन-तीन दहाची नाणी होती. टेसनाच्या रस्त्याला ही गर्दी, भजी तळायचा वास, रिक्षांचे भोंगे. दुकानात नसरीन कुणाच्या तरी मोबाईलात मान घालून बसली होती. तिनं मान वर केली नाय. नुसतं विचारलं, "चाचा, चिल्लर है क्या?"

मी खिशात हात घातला आणि नाणी खुळखुळवली.

काउंटरच्या आतून मेंढी ओरडली.